गरोदरपणातील एचआयव्हीच्या गोळ्या आणि पुढे मुलाचे पोट: संबंध किती, संशय किती?

धागाकर्ती: निळोणा

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. विषय घरचा असल्यामुळे गावाचे नाव लिहीत नाही, आणि प्रतिसाद देणाऱ्यांनीही ते विचारू नये अशी सुरुवातीलाच विनंती करते.

माझ्या धाकट्या बहिणीला पहिल्या गरोदरपणात, तिसऱ्या महिन्याच्या तपासणीत, एचआयव्ही असल्याचे कळले. एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीची औषधे मोफत देणाऱ्या सरकारी केंद्रातून, गोळ्या सुरू झाल्या आणि तिने त्या नेमाने घेतल्या. बाळंतपण सरकारी रुग्णालयात झाले, बाळाला बाधा होऊ नये म्हणून नेव्हिरापीन या औषधाचे सिरप दिले गेले आणि दीड वर्षाच्या शेवटच्या तपासणीत मुलगा निगेटिव्ह असल्याचा कागद हाती आला. तो मुलगा आता सहा वर्षांचा आहे, अभ्यासात चुणचुणीत आहे, पण त्याचे पोट कधी ठिकाणावर नसते. पावसाळा लागला की जुलाब, एरवी बेंबीभोवती दुखणे, जेवण होताच शौचाला पळणे, आणि वजन वर्गातल्या इतर मुलांच्या मानाने कमी.

बहीण आता पुन्हा गरोदर आहे. सासरच्या एका नातेवाइकाने मोबाइलवर फिरत आलेला मजकूर तिला वाचून दाखवला आणि वर म्हणाला, "त्या गोळ्यायनंच पोट्ट्याचं पोट नासलं, आता दुसऱ्याचं बी नासवतं काय?" तेव्हापासून गोळ्या एक दिवसाआड घ्याव्यात का, असे ती मला विचारू लागली आहे. त्या मजकुरात परदेशातील संशोधनाचा उल्लेख आहे, त्यामुळे तो निव्वळ अफवा म्हणून उडवून लावणे मला जमलेले नाही. गर्भात असताना झालेला औषधाचा संपर्क आतड्यावर वर्षानुवर्षे परिणाम करू शकतो का, करत असेल तर कोणत्या वाटेने, आणि सहा वर्षांच्या मुलाचे दुखणे त्या वाटेने मागे नेऊन जोडता येते का, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे. धीर देणारे प्रतिसाद नकोत असे नाही, पण माहिती देणारे अधिक हवेत.

प्रतिसाद: बाह्यरुग्ण

निळोणाताई, मी वर्धा जिल्ह्यात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. सविस्तर लिहीनच, पण आधी एक गोष्ट: तुमच्या बहिणीने आजची गोळी आजच घ्यावी. एक दिवसाआड घेतलेली गोळी ही न घेतलेल्या गोळीपेक्षाही काही बाबतींत वाईट असते, कारण अर्धवट औषधात विषाणू तग धरतो आणि त्याच औषधाला दाद देईनासा होतो.

उपचार अजिबात नसतील तर आईकडून बाळाला एचआयव्ही होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. १९९४ साली अमेरिका व फ्रान्समधील चाचणीत केवळ झिडोव्ह्यूडिन या एका औषधाने हे प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आले. आज तीन औषधांच्या एकत्रित गोळीने आईच्या रक्तातील विषाणू दबून राहिला, तर अंगावर पाजणाऱ्या मातांमध्येसुद्धा ते ५ टक्क्यांच्या खाली ठेवता येते. तुमचा भाचा निगेटिव्ह आहे, तो याच गोळ्यांमुळे. एचआयव्ही झालेल्या लहान मुलाच्या आतड्याची जी दैना होते ती आम्ही पूर्वी वॉर्डात पाहिलेली आहे. महिनोन् महिने न थांबणारे जुलाब, तोंडात बुरशी, आणि हाताला नुसती हाडे लागावीत असे शरीर.

आता संशयाबद्दल. अशा मुलांना आम्ही 'संपर्कात आलेली पण बाधा न झालेली' मुले म्हणतो. जगात त्यांची संख्या दीड कोटीच्या वर आहे. आफ्रिकेतील अनेक अभ्यासांमध्ये, बाधा नसूनही, या मुलांना पहिल्या दोन वर्षांत जुलाब आणि न्यूमोनियासाठी अधिक वेळा दाखल करावे लागल्याचे आणि त्यांची उंची कमी राहिल्याचे दिसले आहे. तेव्हा तुमच्या नातेवाइकाने दाखवलेल्या मजकुरात तथ्याचा अंश असू शकतो. मात्र त्यावरून दोष गोळ्यांवर टाकण्यात घाई आहे. ही मुले एकाच वेळी आईच्या विषाणूच्या, तिच्या आजारपणाच्या, औषधांच्या, घरातल्या गरिबीच्या आणि वेगळ्या आहाराच्या संपर्कात आलेली असतात. एकाच हंगामात बियाणेही बदलले, खतही बदलले आणि पाऊसही उशिरा आला, तर कपाशी कशामुळे खुरटली हे त्या एका हंगामावरून सांगता येत नाही.

प्रतिसाद: रोखठोक_वऱ्हाडी

डॉक्टरसाहेबांचा मान राखून लिहितो, पण दरवेळी 'गोळी चालू ठेवा' एवढे सांगून विषय मिटवण्याची आपल्या वैद्यकीय मंडळींना सवय लागली आहे. १९९९ साली फ्रान्समधील डॉक्टरांनी आठ मुलांची नोंद प्रसिद्ध केली. या मुलांना एचआयव्ही नव्हता, पण गर्भात आणि जन्मानंतर झिडोव्ह्यूडिन, किंवा त्याच्या जोडीला लॅमिव्ह्युडीन मिळाले होते, आणि त्यांच्या पेशींतील मायटोकाँड्रियाचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांचे, काम बिघडलेले आढळले. त्यातील दोन मुले दगावली. ही औषधे विषाणूची स्वतःच्या प्रती बनवण्याची क्रिया रोखताना मायटोकाँड्रियाचा डीएनए बनवणाऱ्या विकरालाही अडथळा आणतात, हे औषधशास्त्राच्या पुस्तकात छापलेले आहे. आतड्याचे अस्तर दर काही दिवसांनी नवे होत असते, म्हणजे त्याला ऊर्जा भरपूर लागते. मग तिथे परिणाम होणार नाही असे कशावरून? मी गोळ्या बंद करा असे म्हणत नाही. प्रश्न विचारणाऱ्याला अडाणी ठरवू नका एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रतिसाद: बाह्यरुग्ण

वऱ्हाडीभाऊ, प्रश्न रास्त आहे आणि तुम्ही दिलेला दाखला खरा आहे. त्यानंतर अमेरिकेत वीस हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि अशा बिघाडाने मृत्यू झाल्याचे तिथे आढळले नाही. फ्रान्समधील गटाने मात्र आपली निरीक्षणे मागे घेतली नाहीत. म्हणजे धोका असलाच तर तो फार विरळा आहे. झिडोव्ह्यूडिनने बाळाचे रक्त काही आठवडे कमी होते, हे तर आम्ही नेहमी पाहतो, आणि ते भरूनही येते. मुख्य म्हणजे निळोणाताईंच्या बहिणीला बहुधा ते औषध मिळतच नाही. सध्याच्या गोळीत टेनोफोविर, लॅमिव्ह्युडीन आणि डोल्युटेग्राविर असते, आणि टेनोफोविर व लॅमिव्ह्युडीनचा त्या विकरावरील परिणाम झिडोव्ह्यूडिनच्या काळातील जुन्या औषधांपेक्षा बराच कमी आहे.

औषधांवर संशय घेऊन तो तपासला जातो, याचे अलीकडचे उदाहरणही सांगतो. २०१८ साली बोट्सवानामध्ये डोल्युटेग्राविर घेताना गर्भ राहिलेल्या ४२६ स्त्रियांच्या बाळांपैकी चौघांमध्ये मज्जारज्जूचा जन्मजात दोष दिसला आणि जगभर खळबळ उडाली. बाळंतपणांच्या नोंदी वाढत गेल्या तसे ते प्रमाण खाली आले आणि इतर स्त्रियांच्या बाळांमधील प्रमाणाच्या जवळ पोहोचले. इशारा मिळाला तेव्हा तो दडपला गेला नाही, आणि पुढे तो टिकला नाही तेव्हा तेही जाहीर केले गेले.

प्रतिसाद: सूक्ष्मदर्शी

मी अमरावतीला महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. मूळ प्रश्न आतड्याचा आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

औषध गर्भाच्या आतड्यापर्यंत पोहोचते का? पोहोचते. लॅमिव्ह्युडीनसारखी औषधे वार ओलांडून गर्भाच्या रक्तात जातात, त्याच्या मूत्रपिंडांतून गर्भजलात उतरतात, आणि तिथे त्यांचे प्रमाण आईच्या रक्तातल्यापेक्षाही जास्त आढळते. गर्भ ते जल सतत गिळत असतो. म्हणजे आतड्याचे अस्तर गर्भावस्थेतील कितीतरी आठवडे औषधाच्या थेट संपर्कात असते, ही गोष्ट काल्पनिक नाही. पण आतड्यातील जिवाणूंची वस्ती खऱ्या अर्थाने बसू लागते ती प्रसूतीच्या वेळी आणि त्यानंतर. त्यामुळे गर्भात असतानाचे औषध जिवाणूंना मारून पोट बिघडवते, हे म्हणणे टिकत नाही, कारण मारायला तिथे जिवाणूच जवळपास नसतात.

जन्मानंतरची गोष्ट वेगळी. झिडोव्ह्यूडिन हे विषाणूविरोधी औषध असले तरी ई. कोलाय आणि त्याच्या कुळातील जिवाणूंनाही ते मारते, हे १९८७ सालीच प्रयोगशाळेत दिसले होते. त्याहून मोठी बाब म्हणजे कोट्रायमोक्साझोल. सहा आठवड्यांपासून ते बाळ निगेटिव्ह असल्याची खात्री होईपर्यंत हे प्रतिजैविक रोज दिले जाते. दक्षिण आफ्रिकेतील अशाच बाळांच्या विष्ठेच्या तपासणीत, हे औषध घेणाऱ्यांच्या आतड्यांतील जिवाणूंमध्ये औषधांना दाद न देण्याची जनुके वाढलेली आढळली. म्हणून, गरोदरपणातील गोळी आणि जन्मानंतरचे सिरप यांचा हिशेब एकाच खात्यात मांडला, तर उत्तर चुकणारच.

तिसरी वाट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती आईच्या दुधातून जाते. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. त्या बाळाच्या आतड्यातील बायफिडोबॅक्टेरियासारख्या जिवाणूंचे अन्न असतात, आणि पहिल्या महिन्यांत हे जिवाणू आतडे व्यापून टाकतात ते या शर्करांच्या जोरावर. २०१६ साली हैतीमधील ५० माता-बालकांच्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील निम्म्या मातांना एचआयव्ही होता, बाळांपैकी मात्र कोणालाही नव्हता. बाधित आणि अबाधित मातांच्या शरीरातील जिवाणूंमध्ये त्या बाधेमुळे ठळक फरक दिसला नाही, पण त्यांच्या बाळांच्या आतड्यांत फरक दिसला, आणि बाळाच्या आतड्यातील जिवाणूंचा संबंध दुधातील या शर्करांशी असल्याचे आढळले. फरक वारशाने आलेल्या जिवाणूंमुळे नसून त्यांना मिळणाऱ्या अन्नामुळे पडत असावा, असा त्याचा रोख आहे. पन्नास जोड्या म्हणजे नमुना लहानच, पण दिशा दाखवणारा.

प्रतिसाद: रोखठोक_वऱ्हाडी

म्हणजे सर, औषधानेच दूध बदलले असेही असू शकते की?

प्रतिसाद: सूक्ष्मदर्शी

असू शकते. विषाणूनेही बदलले असेल. एचआयव्ही सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त नुकसान आतड्याच्या अस्तरातील सीडी-४ या प्रतिकारशक्तीच्या पेशींचे करतो. तिथली भिंत सच्छिद्र झाली की जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात आणि शरीरात सौम्य दाह कायम राहतो. अशी आई गर्भाला पोसते आणि दूधही पाजते. हे दोन्ही धागे वेगळे करायचे तर एचआयव्ही असूनही औषध न घेणाऱ्या गरोदर स्त्रियांचा गट समोर हवा, आणि आज तसा गट मुद्दाम ठेवणे हा गुन्हाच ठरेल. म्हणून यापुढची तुलना औषध विरुद्ध औषध नाही अशी होणार नाही, तर एक औषधयोजना विरुद्ध दुसरी अशीच होईल.

कालावधीबद्दलही सांगतो. मुलाच्या आतड्यातील जिवाणूंची घडण साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत मोठ्या माणसासारखी होते. पहिल्या वर्षातील फरक सहाव्या वर्षी जिवाणूंच्या यादीत दिसेलच असे नाही. मात्र त्या पहिल्या वर्षात प्रतिकारशक्तीला जे वळण लागले, ते जिवाणू बदलल्यानंतरही टिकू शकते. दीर्घकालीन परिणाम म्हणून काही शोधायचे असेल तर ते तिथे शोधावे लागेल.

प्रतिसाद: निवृत्त_समुपदेशक

मी विदर्भातील एका ग्रामीण रुग्णालयाच्या आयसीटीसी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची तपासणी व समुपदेशन करणाऱ्या केंद्रात, समुपदेशक होतो. चर्चा उत्तम चालली आहे. त्यात नोंदवहीची बाजू मांडतो.

आमच्याकडे २००२ नंतर सुरुवातीची कित्येक वर्षे आईला कळा सुरू झाल्यावर नेव्हिरापीनची एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला ७२ तासांच्या आत एक मात्रा, एवढाच कार्यक्रम होता. २०१४ पासून प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीला तीन औषधे आणि तीही आयुष्यभर, असे धोरण आले. त्या बदलाचा फायदा आम्ही डोळ्यांनी पाहिला. पण याचा दुसरा अर्थ असा की, पूर्ण गरोदरपणभर तीन औषधांच्या संपर्कात राहिलेली मुले आपल्या भागात मोठ्या संख्येने दिसू लागली ती २०१४ नंतरच. त्यांच्यातील सर्वांत मोठी आता कुठे वयात येत आहेत.

या मुलांचा माग आपण कुठवर ठेवतो? सहा आठवड्यांना टाचेतून काढलेले रक्ताचे थेंब कागदावर वाळवून पाठवायचे, मग सहा महिने, बारा महिने आणि अठराव्या महिन्याला अंतिम चाचणी. ती निगेटिव्ह आली की वहीत शेरा मारला जातो आणि मूल कार्यक्रमातून बाहेर पडते. आईबापांनाही तेच हवे असते, त्यात गैर काही नाही. पण पुढे हेच मूल चौथ्या वर्षी जुलाब घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले, तर समोरच्या डॉक्टरला त्याच्या गर्भातल्या महिन्यांबद्दल काहीही ठाऊक नसते, आणि आई भीतीने सांगत नाही. माझ्या मते या विषयातील खरी उणीव औषधात नाही, ती अठराव्या महिन्यानंतरच्या कोऱ्या पानांत आहे.

आहाराबद्दल एक निरीक्षण. पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध, असे आम्ही घसा कोरडा होईपर्यंत सांगायचो. डर्बनमधील अभ्यासात १९९९ साली दिसले होते की, अंगावरचे दूध आणि वरचे अन्न असे दोन्ही घेणाऱ्या बाळांमध्ये विषाणू जाण्याचा धोका, निव्वळ अंगावर पिणाऱ्यांपेक्षा अधिक असतो. आपल्याकडे मात्र आजी बाळघुटी उगाळणारच. वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, सहाणेवर एकेक वेढा, आणि वरून साधे न उकळलेले पाणी. पाचवीच्या पूजेला मध चाटवणे वेगळेच. आई बाधित असेल तर घरात तिला 'नाही' म्हणायची सोय उरत नाही, कारण नकाराचे कारण सांगावे लागते. लहान वयात पोट बिघडायला यातील एक चमचाही पुरतो.

प्रतिसाद: जुनी_वाट

मी स्वतः या गोळ्या घेते. माझी मुलगी एका गोळीच्या काळातली आहे, आज महाविद्यालयात जाते, निगेटिव्ह आहे. तिचे पोट लहानपणी बिघडायचे. धाकटा मुलगा तीन औषधांच्या काळातला, त्याला खडे खाल्ले तरी पचतात. यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला समजते. पण निळोणाताई, तुमच्या बहिणीला सांगा की तिच्या मनात जो अपराध आहे तो तिच्यावर लादलेला आहे. पहिल्या मुलाच्या वेळी मला 'तू मुलाला हे दिलेस' असे ऐकावे लागले, आणि दुसऱ्याच्या वेळी 'तू मुलाला औषध पाजलेस' असे. दोन्ही बोलणारी माणसे तीच होती.

प्रतिसाद: मेळघाटवाली

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे, धारणी-चिखलदऱ्याच्या बाजूला बरीच वर्षे गेली. एचआयव्हीचा संबंध नसलेल्या घरांतही निळोणाताईंनी वर्णन केले तसे पोट मला रोज दिसते. आषाढात विहिरीचे पाणी गढूळ झाले की दर आठवड्याला जुलाबाची मुले वाढतात. कापूस वेचणीच्या दिवसांत आई पहाटे रानात जाते आणि सहा-सात महिन्यांचे बाळ आजीपाशी, शेळीच्या पातळ केलेल्या दुधाच्या बाटलीवर राहते. ती बाटली धुण्याचा ब्रश कोणाकडेही नसतो. त्यात तांदूळ घालून हलवतात, आणि निपलच्या आत पांढरा थर तसाच राहतो. वारंवार घाण पोटात जाऊन आतड्याचे अस्तर झिजते, खाल्लेले अंगी लागत नाही, आणि जुलाब दिसले नाहीत तरी वाढ खुंटते. अशा मुलाच्या आईला एचआयव्ही असेल तर सगळे खापर गोळ्यांवर फुटते, नसेल तर नशिबावर. पाण्यावर मात्र कोणीच फोडत नाही.

प्रतिसाद: बाह्यरुग्ण

मेळघाटवाली मॅडमनी लिहिले त्याला जोडून झिंबाब्वेतील एका मोठ्या चाचणीबद्दल सांगतो, कारण तिथली परिस्थिती आपल्यासारखी आहे आणि तिचा निष्कर्ष मला स्वतःला अनपेक्षित होता. तिचे नाव 'शाइन'. बाधित मातांच्या मुलांसाठी काही गावांत शौचालय, हात धुण्याची सोय, पाण्यात क्लोरीन आणि बाळाला खेळायला स्वच्छ चटई दिली. काही गावांत सहा महिन्यांपासून पूरक आहाराचे मार्गदर्शन आणि रोजचे छोटे पोषक पाकीट दिले. काही ठिकाणी दोन्ही. अठराव्या महिन्याला आहार मिळालेल्या मुलांमध्ये खुजेपणाचे प्रमाण निम्म्यावरून सुमारे ४० टक्क्यांवर आले. पाणी-शौचालयाच्या सोयींनी उंचीत फरक पडला नाही. याचा अर्थ पाणी महत्त्वाचे नाही असा नव्हे; घरापुरती सोय करून भोवतालची घाण रोखली जात नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो. आपल्या प्रश्नापुरते पाहिले तर, औषधाचा संपर्क तोच असूनही निव्वळ आहार सुधारल्याने या मुलांची वाढ सुधारली. संपर्काने जे काही होत असेल ते कपाळावर कोरलेले नसते.

आता भाच्याविषयी. 'गोळ्यांमुळे' हे उत्तर एकदा चिकटले की बाकीचे तपास थांबतात, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटते. सहा वर्षांचा मुलगा, बेंबीभोवती वारंवार दुखणे, वजन कमी, आणि राहतो विदर्भात. अशा मुलाची सिकलसेलची, म्हणजे तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झालीच पाहिजे. आपल्या भागात हा आजार पुष्कळ आहे आणि पोटदुखी घेऊन येणारे कितीतरी रुग्ण वर्षानुवर्षे जंतांचे औषध घेत फिरतात. साधी सोल्युबिलिटी चाचणी ग्रामीण रुग्णालयात होते, ती पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ताची पुढची चाचणी करावी लागते. त्याशिवाय ताज्या शौचाची तपासणी जिआर्डिया या आतड्यातील सूक्ष्म परजीवीसाठी, रक्ताचे प्रमाण, आणि दुधानंतर त्रास वाढतो का याची दोन आठवड्यांची नोंद. शाळेत वर्षातून दोनदा मिळणारी अल्बेन्डाझोलची गोळी जंतांना पुरते, जिआर्डियासाठी एका गोळीवर भागत नाही.

प्रतिसाद: निळोणा

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या काळात भाच्याच्या तपासण्या झाल्या. सिकलसेलची चाचणी निगेटिव्ह आली. शौचात जिआर्डिया सापडला आणि त्याचे औषध पूर्ण झाले. जेवण होताच पळण्याचा प्रकार थांबला आहे. दूध प्यायल्यावर मात्र अजून पोट गुरगुरते. डॉक्टर म्हणाले की जिआर्डियानंतर काही आठवडे दूध पचवणारे विकर कमी पडते, तोवर दह्या-ताकावर भागवा.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तपासणीच्या वेळी बहिणीने तिच्या आजाराबद्दल डॉक्टरांना सांगितले नाही, आणि मीही गप्प राहिले. हे सांगणे आवश्यक होते का? आणि उद्या शाळेच्या आरोग्य तपासणीत हे कुठे लिहावे लागते का?

प्रतिसाद: निवृत्त_समुपदेशक

शाळेत लिहावे लागत नाही, आणि कोणी लिहायला लावू शकत नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार आपली बाधा उघड करण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, संमतीशिवाय दुसऱ्याची बाधा जाहीर करता येत नाही, आणि शाळा-दवाखान्यात भेदभाव करता येत नाही. मुलगा तर निगेटिव्ह आहे. कायद्याने एवढे दिले आहे, पण खेड्यात नर्सबाईच्या वहीकडे कोण डोकावून पाहते हे कायद्याला दिसत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून माझा सल्ला असा की मुलाच्या नेहमीच्या एका डॉक्टरला बहिणीने एकटीने, तोंडी सांगावे, फाइलवर लिहू नये अशी विनंती करावी, आणि बाकी कोणाला सांगण्याची गरज मानू नये. शंका असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे, तिथे नाव सांगावे लागत नाही.

प्रतिसाद: रोखठोक_वऱ्हाडी

जिआर्डिया निघाला, चांगले झाले. पण एका मुलाचे निदान झाल्याने माझा मुद्दा निकालात निघत नाही. अमेरिकेत गर्भात औषध मिळालेल्या मुलांना मोठे होईपर्यंत तपासत राहणारा अभ्यास २००७ साली सुरू झाला. त्याआधी, १९८९ पासून, गरोदरपणात ही औषधे घेतलेल्या स्त्रियांची आंतरराष्ट्रीय नोंदवही आहे, पण तिचा भर जन्मजात दोषांवर आहे. पाचव्या वर्षीचे पोट तिच्यात दिसणार नाही. आपल्याकडे एआरटी केंद्रात आईची फाइल आयुष्यभर चालते. त्याच फाइलला मुलाचे एक पान जोडून वर्षातून एकदा वजन, उंची आणि जुलाबासाठी दाखल झाला का एवढे तीन रकाने भरले, तर वेगळा खर्च काय येणार आहे? समुपदेशकसाहेबांनी कोऱ्या पानांचा उल्लेख केला म्हणून आठवले.

प्रतिसाद: निवृत्त_समुपदेशक

खर्च येत नाही, पण संमती लागते, आणि मूल मोठे झाल्यावर ती त्याची स्वतःची लागते. अनेक मुलांना आईच्या आजाराबद्दल काहीही माहीत नसते. ते पान मुलाच्या हाती कधी आणि कोणाकडून पडेल, हे ठरल्याशिवाय असे रकाने आखू नयेत असे माझे मत आहे. तीन रकान्यांची कल्पना मात्र मला पटते.

प्रतिसाद: बाह्यरुग्ण

निळोणाताई, बहिणीच्या या गरोदरपणासाठी कामाच्या गोष्टी लिहून ठेवतो. ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान तिची व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजणारी, तपासणी होणे आवश्यक आहे. एआरटी केंद्रात ती मागून घ्यावी. १००० च्या खाली आकडा असेल तर बाळाला सहा आठवडे एकच सिरप पुरते, वर असेल तर दोन औषधे लागतात आणि ती अधिक काळ द्यावी लागतात. म्हणजे आईने गोळ्या नेमाने घेतल्या तर बाळाच्या आतड्यापर्यंत जाणारे औषध उलट कमीच होते, हे त्या नातेवाइकांना आवर्जून सांगा. कोट्रायमोक्साझोलबद्दल सरांनी लिहिले ते बरोबर आहे, आणि अंगावर पिणाऱ्या अबाधित बाळांना त्याचा विशेष लाभ होत नाही असे बोट्सवाना आणि दक्षिण आफ्रिकेतील चाचण्यांत दिसलेही आहे. तरी आपल्याकडच्या नियमांत ते आहे, म्हणून अहवाल येईपर्यंत ते परस्पर बंद करू नये.

आणखी एक, जे घाईच्या ओपीडीत सांगायचे राहून जाते. गावातील नर्सबाई गरोदर स्त्रीला लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या देतात. त्या उपाशीपोटी डोल्युटेग्राविरबरोबर घेतल्या तर ते औषध आतड्यात नीट शोषले जात नाही. जेवणासोबत घेत असेल तर एकत्र चालतात. नाहीतर एचआयव्हीची गोळी लोह-कॅल्शियमच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी घ्यावी. ती सध्या कशी घेते ते विचारून इथे कळवा.

प्रतिसाद: निळोणा

आत्ताच फोन करून विचारले. रात्री झोपताना तिन्ही एकदम घेते, जेवणानंतर दोन-तीन तासांनी. उद्यापासून रात्रीच्या भाकरीसोबत घ्यायला सांगितले आहे, आणि व्हायरल लोडची तारीख एआरटी केंद्रात विचारायला सोमवारी मी तिच्यासोबत जाणार आहे.